सचेतनपट : हस्तरेखित आणि संगणकीय

स्थिर चित्रे एकेका चौकटीने चित्रित करून ती दर सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पडद्यावर दाखविली असता गतीचा आभास निर्माण होतो. या तत्त्वावर आधारलेल्या चित्रपटास सचेतनपट किंवा रूढ भाषेत ॲनिमेशनपट म्हणतात. वॉल्ट डिझ्नी यांच्या स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्‌वॉर्फ्‌स (१९३७) या चित्रपटापासून सुमारे सहा दशके पूर्ण लांबीचे बहुतेक सचेतनपट हाताने रेखाटले जात. टॉय स्टोरी (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. नव्या प्रकाराला जुन्याची सर आली आहे काय, हा तेव्हापासूनचा वाद आहे.

हस्तरेखित पद्धतीत मुख्य चित्रकार पात्राच्या महत्त्वाच्या अवस्था रेखाटतो व साहाय्यक मधल्या अवस्था भरतात. ही चित्रे पारदर्शक पत्र्यांवर गिरवून, रंगवून, पार्श्वचित्रावर ठेवून छायांकित केली जात. ८३ मिनिटांच्या स्नो व्हाइटमध्ये सु. १ लाख २० हजार चौकटी भरतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी श्रम प्रचंडच. या श्रमांतूनच या कलेचे सौंदर्यशास्त्र घडले. जे आवश्यक नाही ते काढायचेच नाही, आणि जे काढायचे ते एका दृष्टिक्षेपात कळेल इतके ठसठशीत करायचे, असा दंडक पडला. वजन व वेग दाखविण्यासाठी आकृती ताणणे किंवा दाबणे, कृतीपूर्वी तिची चाहूल देणे यांसारखे संकेत त्यातूनच रूढ झाले.

यंत्राचा प्रवेश मात्र एकाएकी झाला नाही. वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स (१९६१) या चित्रपटात पेन्सिलीची रेघ झेरॉक्स प्रक्रियेने थेट पत्र्यावर उतरविण्यात आली आणि हाताने गिरविण्याचे काम संपत आले. द रेस्क्यूअर्स डाउन अंडर (१९९०) या चित्रपटाचे रंगकाम संपूर्णतः संगणकावर झाले. म्हणजे ज्यांना आज ‘शुद्ध’ हस्तरेखित म्हणून गौरविले जाते, त्या १९९०–२००० या दशकातील चित्रपटांतही संगणक होताच.

संगणकीय पद्धतीत पात्राची त्रिमितीय प्रतिकृती एकदाच घडवितात व तिच्या सांध्यांना आणि चेहऱ्याला हलविण्याची नियंत्रणे जोडतात. कलावंत मुख्य अवस्था ठरवितो. मधल्या अवस्था, छायाप्रकाश व पोत यांचे गणित यंत्र करते. मधली गती यंत्रावर सोपविल्यास पात्रे वजनहीन, तरंगत असल्यासारखी वाटतात. हा दोष जुन्या शिस्तीनेच दूर झाला. डिझ्नी संस्थेत काम केलेले जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये एका निबंधात हस्तरेखित परंपरेची तत्त्वे संगणकाला कशी लागू करावीत, याचे विवेचन केले. टॉय स्टोरीचे दिग्दर्शनही त्यांचेच. पात्रांच्या अभिनयाच्या बाबतीत तो चित्रपट पूर्वसूरींच्या तोडीचा ठरला, याचे श्रेय यंत्राइतकेच या वारशाला द्यावे लागते.

दोन्ही पद्धतींची तुलना करण्यास सर्वांत सोयीचे उदाहरण द लायन किंग हे होय. रॉजर ॲलर्स व रॉब मिंकॉफ दिग्दर्शित १९९४ चा चित्रपट हस्तरेखित होता. वनगायींच्या कळपाची धावपळ तेवढी संगणकाच्या साहाय्याने केली होती. जॉन फॅव्हरो यांच्या २०१९ मधील आवृत्तीत तीच कथा छायाचित्रासारख्या वास्तव रूपात संगणकावर साकारली. गवत, धूळ व आयाळ यांचे तीतील चित्रण थक्क करणारे आहे. परंतु खऱ्या सिंहाला भुवई उडविता येत नाही. १९९४ मध्ये अँड्रियास देजा यांच्या देखरेखीखाली रेखाटलेल्या स्कारचा कुत्सितपणा त्याच्या भुवईत, ओठांच्या मुरडीत आणि पंजाच्या सुस्त झोकात होता. २०१९ मध्ये तो बराचसा आवाजावर सोपवावा लागला. सिंबाच्या बालपणीच्या गाण्यात जुन्या चित्रपटातील सवाना अचानक सपाट, भडक रंगांची होते व प्राण्यांचा मनोरा उभा राहतो. नव्यात छावे पाणवठ्याजवळून धावतात, एवढेच. येथे उणीव संगणकाची नसून, वास्तवाशी स्पर्धा करण्याच्या निर्णयाची आहे. यंत्र जे सहज देते ते नाकारण्याची सक्ती त्याच्यापुढे बसलेल्या कलावंतावर नसते. पेन्सिलीला मात्र नाकारण्यावाचून गत्यंतर नव्हते. या चित्रपटाने जगभर दीड अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमविला, ही गोष्ट अर्थातच वेगळी.

अमेरिकेत हस्तरेखित चित्रपट मागे पडला तो अशा गुणदोषांच्या विचाराने नव्हे. डिझ्नीच्याच दोन चित्रपटांपैकी ट्रेझर प्लॅनेट २००२ मध्ये कोसळला, तर त्याच वर्षीचा लिलो अँड स्टिच यशस्वी झाला. दोन्ही प्रामुख्याने हस्तरेखित होते. तरीही दोष पेन्सिलीच्या माथी मारला गेला. विनी द पू (२०११) नंतर त्या संस्थेने पूर्ण लांबीचा हस्तरेखित चित्रपट प्रदर्शित केलेला नाही (२०२४ पर्यंत). जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीने रंगकामासाठी संगणक स्वीकारूनही रेखाटन हातीच ठेवले. हायाओ मियाझाकी यांच्या द बॉय अँड द हेरॉन (२०२३) या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

दरम्यान संगणकीय चित्रपटही रेषेकडे वळला. स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स (२०१८) मध्ये नवख्या नायकाची एकेक अवस्था दोन चौकटी मुद्दाम रोखून त्याचा अवघडलेपणा दर्शविला आहे. काटकसरीची जुनी युक्ती येथे अभिनयाचे साधन झाली. स्पेनमध्ये तयार झालेल्या क्लाउस (२०१९) मध्ये हस्तरेखित आकृतींना संगणकाने छायाप्रकाश दिला.

भारतात मुंबईच्या तत्कालीन फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून डिझ्नीचे माजी चित्रकार क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले व द बनियन डिअर (१९५७) हा लघुपट निर्माण झाला. राम मोहन हे त्याच विभागात घडले. तथापि पूर्ण लांबीच्या हस्तरेखित पटांची परंपरा रुजण्यापूर्वीच येथे रोडसाइड रोमिओ (२००८) सारखे संगणकीय चित्रपट येऊ लागले. लॅसेटर यांच्या पिढीला रेखाटनाची जी तालीम आधीच लाभली होती, ती भारतीय संगणकीय कलावंतांना चित्रपटनिर्मितीच्या ओघातच मिळवावी लागली.