गणितावर मालकी कोणाची?

पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातील करार आहे. शोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यायची. त्याच्या मोबदल्यात शासन त्याला अर्जाच्या दिवसापासून २० वर्षांची मक्तेदारी देते. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो.

संगणकाच्या यंत्रभागाबाबत हे समजणे सोपे आहे. नवा भाग घडविला तर त्याचे नवेपण तपासता येते. खरी अडचण आज्ञावलीची आहे. आज्ञावली म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना, आणि त्यांच्या मुळाशी असते गणित.

अमेरिकेत हा प्रश्न १९७२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. संख्या एका संकेतातून दुसऱ्या संकेतात बदलण्याच्या रीतीवर पेटंट मागितले होते. न्यायालयाने ते नाकारले. कारण ते दिले असते तर ती गणिती रीतच एकाच्या मालकीची झाली असती. १९८१ साली मात्र त्याच न्यायालयाने रबर घडविण्याच्या एका प्रक्रियेला पेटंट मिळू शकते असे ठरविले. तीत संगणक तापमानावरून वेळेचे गणित करी आणि साचा उघडी. तेथे मागणी गणितावर नव्हती, संपूर्ण प्रक्रियेवर होती.

आपल्याकडे १९७० च्या कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली. गणिती पद्धत, व्यवसायपद्धत आणि 'निव्वळ' आज्ञावली यांना पेटंट नाही, असे तिने ठरविले. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने उद्योगातील तांत्रिक उपयोगाच्या किंवा यंत्राशी जोडलेल्या आज्ञावलीला वाट मोकळी केली. २००५ साली संसदेने ती सवलत कायद्यात घेतली नाही. परंतु 'निव्वळ' हा शब्द राहिला, आणि सारा वाद त्यातच आहे. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की तांत्रिक परिणाम साधणारा शोध केवळ आज्ञावलीवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही.

म्हणजे पेटंटाविना आज्ञावली लिहिणारा उघड्यावर पडतो काय? नाही. कॉपीराइट कायदा त्याच्या लेखनाचे रक्षण करतो. ते कोणी उतरवून घेऊ शकत नाही. पण तेच काम करणारी दुसरी आज्ञावली स्वतःच्या बुद्धीने लिहिण्यास मज्जाव नाही. पेटंट नेमका तोच मज्जाव करते.

फाटक्या खिशाच्या पण तल्लख बुद्धीच्या विद्यार्थ्याचे भवितव्य या फरकावर अवलंबून आहे. ज्ञानाची दारे बंद असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांनी हा प्रश्न वकिलांवर सोडून चालणार नाही.