न झालेल्या गोलांचा हिशेब

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात. गोल होऊ न देणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. पोलंडचा बचावपटू व्लादिस्लाव झ्मुदा याने राष्ट्रीय संघातर्फे 91 सामने खेळून अवघे 2 गोल केले. केवळ या आकड्यावरून त्याची योग्यता ठरवायची, तर तो सामान्य खेळाडू ठरेल. परंतु याच झ्मुदाने 1974 ते 1986 या काळात चार विश्वचषक स्पर्धांत मिळून 21 सामने खेळले आणि जर्मनीच्या उवे झीलरच्या तत्कालीन विक्रमाशी बरोबरी केली. जे घडले नाही, त्याचे मोल कसे करायचे, हा प्रश्न त्याच्या कारकिर्दीच्या निमित्ताने उभा राहतो.

1954 साली लुब्लिन येथे जन्मलेला झ्मुदा विसाव्या वर्षी पश्चिम जर्मनीतील विश्वचषकात उतरला. पोलंडने त्या स्पर्धेतील सातही सामन्यांत मिळून केवळ पाच गोल स्वीकारले, ब्राझीलला 1-0 असे हरवून तिसरे स्थान मिळविले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान झ्मुदाकडे गेला. 1976 च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या संघातही तो होता.

1982 साली तो संघनायक म्हणून स्पेनमध्ये गेला, तेव्हा त्याच्या देशात लष्करी कायदा जारी होऊन सहा महिने उलटले होते. ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीचे नेते तुरुंगात वा स्थानबद्धतेत होते. अशा वेळी 4 जुलै रोजी बार्सिलोना येथे पोलंडची गाठ सोव्हिएत संघाशी पडली. उपांत्य फेरी गाठण्यास पोलंडला बरोबरी पुरेशी होती. प्रेक्षागारात ‘सॉलिडॅरिटी’चे फलक झळकले आणि मैदानावर सामना 0-0 असा सुटला. गोलफलकावरचे ते दोन्ही शून्य पोलिश जनतेस विजयासारखे वाटले असल्यास नवल नाही. ते बचावफळीच्या श्रमाचे फळ होते. पुढे फ्रान्सला 3-2 असे नमवून पोलंडने पुन्हा तिसरे स्थान पटकाविले.

या यशामागील अर्थव्यवस्था ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या पोलंडमधील क्लब शासनयंत्रणेचीच अंगे होते. झ्मुदा ज्यांत खेळला त्यांपैकी वॉर्सातील ग्वार्दिया पोलिस दलाशी, तर व्रोत्सवाफचा श्लाँस्क सैन्याशी निगडित होता. मुलांना हेरून घडविण्याचा खर्च समाज करीत असे आणि खेळाडूस परदेशी जाण्याची अनुमती साधारणतः तिशीच्या आसपास मिळे. काझिमिएझ देयना एकतिसाव्या वर्षी, तर लातो तिसाव्या वर्षी परदेशी क्लबात गेला. झ्मुदा अठ्ठाविसाव्या वर्षी इटलीतील व्हेरोना क्लबात दाखल झाला, तो वूज शहरातील विद्झेव क्लबाला 1981 व 1982 ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून देण्यास हातभार लावूनच. समाजाने केलेल्या गुंतवणुकीची फेड अशी सक्तीने करून घेतली जाई. ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या सुसंगत असली, तरी माणसाच्या उमेदीच्या वर्षांवर राज्याने ताबा सांगणे न्याय्य म्हणता येणार नाही.

1989 नंतर ती बंधने गळून पडली. पिओत्र झिएलिन्स्की 2011 साली सतराव्या वर्षीच इटलीतील उदिनेसे क्लबात गेला. तरुणांना स्वातंत्र्य मिळाले, हे इष्टच झाले. मात्र त्यांना घडविणाऱ्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने 2001 साली नियम करून, खेळाडू कराराच्या मुदतीत क्लब बदलेल तेव्हा दिल्या जाणाऱ्या रकमेतील 5 टक्के भाग त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांच्या दरम्यान शिकविणाऱ्या क्लबांमध्ये वाटण्याची तरतूद केली. या तरतुदीचे नावही ‘सॉलिडॅरिटी’ असावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पण हा पैसा क्लबांना मिळतो. ज्याने मैदानावर उभे राहून मुलाला चेंडूवर ताबा मिळवायला शिकविले, त्या प्रशिक्षकाचा त्यात नियमाने वाटा नसतो.

निवृत्तीनंतर झ्मुदा पोलंडच्या युवा राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षणाकडे वळला. बचावपटूने शिक्षक व्हावे, यात एक स्वाभाविक संगती आहे. दोघांचेही श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते. युवा प्रशिक्षकाच्या कामाचे फळ दहा-पंधरा वर्षांनी, बहुधा परदेशी गणवेशात दिसते. शिवाय शंभर मुलांतील जी नव्याण्णव मुले व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, त्यांना लागलेली शिस्त कोणत्याच ताळेबंदात येत नाही. अर्थशास्त्रात ज्यास बाह्य लाभ म्हणतात, तो हाच. लाभ सर्वांना होतो, म्हणून किंमत मोजण्यास कोणीच पुढे येत नाही.

यावर उपाय जुनी बंधने परत आणणे हा नव्हे. बाजार ज्या श्रमाचे मोल करू शकत नाही, त्याचा भार सार्वजनिक निधीने उचलावा आणि तो उपकार म्हणून न मानता गुंतवणूक म्हणून उचलावा, हाच सरळ मार्ग होय. 1986 साली मेक्सिकोत ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात अखेरची काही मिनिटे झ्मुदाला मैदानात उतरविण्यात आले. संघ 4-0 असा हरला, पण त्याचा एकविसावा सामना नोंदला गेला. राष्ट्राने आपल्या बचावपटूला तेवढे तरी दिले. त्याच्यामागून मुलांना शिकवीत राहिलेल्या अनामिक प्रशिक्षकांच्या वाट्याला असा सामना येत नाही. त्यांच्या वेतनाची व प्रतिष्ठेची तजवीज समाजाला जाणीवपूर्वकच करावी लागते.