पपांचे म्हातारपण आणि किर्लोस्करांचा धंदा

मराठी उद्योजकाच्या स्मरणाचा साचा आता पक्का झाला आहे. पंचाहत्तरीला गौरवग्रंथ, ऐंशी उलटली की सहस्रचंद्रदर्शन, आणि माणूस गेला की एक लेख: साधी राहणी, पहाटेचे उठणे, कामगारांच्या मुलांना खाऊ, नातवंडांचे कोडकौतुक. धंदा कसा उभा राहिला ते पहिल्या दोन प्रकरणांत आटोपते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे आजोबा नुसते प्रेमळ असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या वाट्यालाही बरेचसे असेच स्मरण आले. २० जून १८६९ ते २६ सप्टेंबर १९५६ असे हे ८७ वर्षांचे आयुष्य, पण ते सांगायला बसलेला माणूस बहुधा लोखंडी नांगरापाशी थांबतो. माझ्या मते त्यांचे अधिक अवघड काम त्यानंतरचे आहे. ज्याने सगळे शून्यातून उभारले, त्याने स्वतःची बुद्धी शाबूत असताना, हयातीतच, इतरांना आपल्या हाताबाहेरची कामे करू देणे ही धंद्यातली दुर्मीळ गोष्ट आहे. ती लक्ष्मणरावांना साधली, आणि त्यांची आठवण काढायची तर तिथून काढावी.

ही सवय त्यांना म्हातारपणी लागली नव्हती. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून जे. जे.मधली चित्रकला सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पण बेळगावचे सायकलीचे दुकान पहिल्यापासून दोघा भावांचे होते. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवत आणि थोरले रामुअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. कडबा कापायचे यंत्र झाले, नांगर झाला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत असल्याने पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. मग नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर वसाहत उभी राहिली. तिथेही यंत्रकामात शंभोराव जांभेकर, वसाहतीच्या कारभारात रामुअण्णा, अशी कामे वाटलेली होती. कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले खरे, पण त्या गावात एकट्या माणसाचा शब्द चालला असता तर ते नांगराच्या पुढे गेले असते असे वाटत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मासिकांचा आहे. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते धंद्याची बातमी देण्यासाठी. पुतणे शंकरराव यांनी त्याचे 'किर्लोस्कर' मासिक केले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' काढले. ज्या कुटुंबांत नांगर आणि चरक खपवायचे, त्यांच्याच देव्हाऱ्यापर्यंत ही मासिके जाऊन पोचली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख 'किर्लोस्कर'मध्ये आले. सनातन्यांचा रोष ओढवून घेणारा तो मजकूर होता. कुठल्याही हिशेबी मालकाने पुतण्याला बोलावून समज दिली असती. लक्ष्मणराव स्वतःही कर्मकांड आणि अस्पृश्यता न मानणारे होते, तेव्हा यात त्यांना फार मोठा त्याग करावा लागला असे म्हणता येणार नाही, हे मान्य. पण मते पटणे वेगळे आणि त्या मतांपायी गिऱ्हाईक दुखावण्याचा धोका दुसऱ्याला पत्करू देणे वेगळे. पुढच्या पिढीत तर मतांचाही प्रश्न राहिला नाही. तिथे विषयच नवे होते. शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधून यंत्र अभियांत्रिकी शिकून परतले. १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारी मैसूर किर्लोस्कर निघाली, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी. यांतले एकही यंत्र लक्ष्मणरावांच्या उमेदीच्या काळातले नव्हे. नांगराचा माणूस डिझेल इंजिनाच्या आड आला नाही, एवढ्या एका वाक्यात त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग बसतो. याचे मोल १९४८ साली कळले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. सगळा धंदा त्या एका माळावरच असता तर चित्र वेगळे दिसले असते. अर्थात हरिहर-पुण्याची आखणी आगीच्या भीतीने झालेली नव्हती. तसे म्हणणे म्हणजे मागाहून शहाणपण चिकटवणे होईल.

वालचंद हिराचंदांचा आवाका यापेक्षा मोठा: जहाजे, विमाने, मोटारी. पण विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेली. युद्ध आणि सरकारी धोरण मध्ये आल्याने ही तुलना थोडी अन्यायाची आहे, म्हणून ती इथेच सोडतो.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला, औंधच्या राजाचा आधार नसता तर हे काहीच झाले नसते. बरोबर आहे. बेळगावहून उठवलेल्या कारखानदाराला जमीन आणि पैसा देणारा संस्थानिक भेटणे हा योग होता, आणि त्या राजाला आपण पुरेसे श्रेय देत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मालकाच्याच वसाहतीत, मालकाच्याच घरात राहून ज्या मालकाला सगळे गाव 'पपा' म्हणते, त्याच्याशी पगारावरून कसे भांडायचे? गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना राखणदार नेमणारा हा मालक उदार होता यात शंका नाही, पण औदार्य हा करार नसतो, आणि प्रेमाच्या स्मरणलेखांतून हा प्रश्न हटकून गळतो. माझ्या मांडणीने तो सुटत नाही. उलट म्हणूनच प्रेमळपणाला त्यांच्या थोरवीचा मुख्य पुरावा करू नये असे मला वाटते.

तिसरा आक्षेप असा की, हे सोपवणे शेवटी मुलां-पुतण्यांनाच होते, आणि त्याची फळे पुढे दिसलीच. हरिहरचा कारखाना चालू शतकाच्या सुरुवातीला बंद पडला आणि पणतवंडांच्या पिढीतला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यातले पहिले अर्धे मी स्वीकारतो: जांभेकरांसारखी माणसे असूनही मालकीची वाट घराबाहेर गेली नाही. दुसरे अर्धे लक्ष्मणरावांच्या खात्यावर टाकणे मात्र ओढाताणीचे आहे. त्यांच्या मुलांपैकी राजाराम हरिहरला, रवींद्र बंगळूरला, शंतनुराव पुण्याला अशी पांगापांग झाली ती एकाच गादीसाठी नव्हे. प्रत्येकाला स्वतःचे यंत्र, स्वतःचे गिऱ्हाईक आणि स्वतःची जोखीम होती. पुढे भांडण लागले ते नावाच्या आणि भागभांडवलाच्या मालकीवरून, म्हणजे जे वाटून संपत नाही त्यावरून. नव्या चरित्रकाराने म्हणूनच १९२६ ते १९४६ ही वीस वर्षे हातात घ्यावीत. कोणत्या कामाला म्हाताऱ्याने नाही म्हटले, कशाला मनाविरुद्ध हो म्हटले आणि हिशेबाच्या वहीवर कोणाची सही शेवटची असे, याचा माग त्याने काढावा. खाऊच्या गोष्टी सांगायला घरची माणसे समर्थ आहेत.