लोखंडी पेटीतला पाऊस

मुकुंदवाडी रेल्वे स्थानकाच्या परिसरातून समजा सुती सदऱ्यांची खोकी परदेशी निघाली. सदरे हाताला अगदी कोरडे. खोकी चाळीस फुटी पोलादी कंटेनरमध्ये रचली, दारे बंद करून सील लावले. ट्रेलरने सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता कापून, सह्याद्री उतरून तो कंटेनर न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात आणला आणि तेथून जहाजाने जर्मनीतील हँबुर्गला पोहोचवला. वाटेत पेटीला भोक पडले नाही, सील तुटले नाही. तरीही दार उघडल्यावर वरच्या थरातील खोकी भिजलेली आणि सदऱ्यांवर बुरशीचे काळे ठिपके, असा प्रकार घडू शकतो. मग हे पाणी आले कोठून?

जहाजी व्यापारात या प्रकाराला ‘कंटेनर रेन’, म्हणजे पेटीतला पाऊस, असेच नाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याच्या बाहेरून थेंब जमतात, हे तुम्ही पाहिले आहे. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सियस तापमानाला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. २० अंशांना हा आकडा १७ ग्रॅमवर येतो आणि १० अंशांना अवघ्या ९ ग्रॅमच्या आसपास. हवा थंड होऊ लागली, की एका ठरावीक तापमानाला ती बाष्पाने संपृक्त होते. हा तिचा दवबिंदू. त्याहून थंड असलेल्या पृष्ठभागाला ती हवा लागली, की जादा बाष्पाचे पाणी होते.

म्हणजे पेटीत कोंडलेल्या हवेतील बाष्पानेच खोकी भिजली काय? हिशेब करून पाहू या. चाळीस फुटी पेटीची आतील जागा सुमारे ६७ घनमीटर असते. ती ३० अंशांच्या संपृक्त हवेने पूर्ण भरलेली धरली, तरी त्यात पाणी भरेल जेमतेम दोन लिटर. शिवाय पेटीतील बरीच जागा मालाने व्यापलेली असते. एवढ्याशा पाण्याने खोक्यांचे थर भिजणार नाहीत. तेव्हा संशय घ्यायला हवा तो कोरड्या दिसणाऱ्या सदऱ्यांवरच!

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर पाण्याच्या रेणूंना ओढून धरणारे हायड्रॉक्सिल गट असतात. २० अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत १०० किलो पूर्ण कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरून ठेवतो आणि तरीही हाताला कोरडाच लागतो. पॉलिएस्टर अर्ध्या किलोहूनही कमी पाणी धरते. लोकर मात्र कापसाच्याही पुढे, सुमारे सोळा किलो. आता पेटीत दहा टन सुती कपडे असतील, तर त्यांत किती पाणी झाले? जवळजवळ पावणेआठशे लिटर. यातील शंभरावा हिस्सा सुटला, तरी पेटीत साडेसात लिटरचा पाऊस पडेल.

याची खात्री घरी करता येते. काचेच्या बरणीत जाड सुती टॉवेल दाबून भरा, झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. मग झाकणावर बर्फाचे खडे ठेवा. थोड्या वेळाने झाकण उलटून पाहा. हा प्रयोग पावसाळ्यात अधिक चांगला जमतो. त्याचे कारण उघड आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा फार कोरडी असते, तेव्हा कापसात शेकडा चार किलोच्या आसपास पाणी राहते. ऑगस्टच्या दमट हवेत तेच दहा-अकरावर जाते. एकाच कारखान्याचा एकच सदरा, पण मे महिन्यात बांधला तर निर्धोक आणि ऑगस्टमध्ये बांधला तर धोक्याचा, असे होऊ शकते. त्यातून वाफेच्या इस्त्रीखालचा गरम सदरा घाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, तर ओल आतच कोंडते. पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांखालच्या लाकडी फळ्या यादेखील सेल्युलोजच्याच, म्हणून त्याही पाणी धरतात.

आता प्रवास पाहा. बंदराच्या आवारात किंवा जहाजाच्या डेकवर पोलादी छप्पर दिवसा सणकून तापते. कापड गरम होते आणि धरलेले पाणी हवेत सोडते. रात्री पोलाद भराभर निवते, पण आतला माल तेवढ्या लवकर निवत नाही. गरम, दमट हवा वर जाऊन थंड छपराला लागते, थेंब जमतात आणि खाली टपकतात. असे रोज थोडे थोडे. जहाज हिवाळ्यात उत्तर समुद्राकडे सरकू लागले, की छप्पर दिवसाही थंडच राहते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला. म्हणजे प्रवास लांबला आणि विषुववृत्तही दोनदा ओलांडावे लागले.

आपल्या भागातून कापड समुद्रापार जाणे तसे नवे नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांतून भडोच बंदराकडे माल जात असल्याचा उल्लेख आहे आणि तगरच्या मालात कापड आहे. त्या काळची जहाजे लाकडी होती. लाकूड उष्णतेचे मंदवाहक, त्यामुळे ते पोलादासारखे चटकन निवत नाही. कंटेनरची वाहतूक त्या मानाने अगदी अलीकडची. माल्कम मॅक्लीन यांनी १९५६ मध्ये ‘आयडियल-एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून ती फोफावली. चोरी आणि हमालीचा खर्च तिने कमी केला, पण ओलीचा प्रश्न बंद पेटीत कोंडला.

माल बुरसला, की भांडण लागते. जहाज कंपनी म्हणते, आमची पेटी धड होती. विमा कंपनी म्हणू शकते, हा मालाचाच अंगभूत दोष. मग तपासनीस डागावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकतो. समुद्राचे पाणी असेल, तर त्यातील क्लोराइडमुळे पांढरा साका येतो; दवाचे पाणी असेल, तर येत नाही. साका आला नाही, तर पेटी गळली असे म्हणणे कठीण होते आणि तोटा बहुधा माल पाठवणाऱ्याच्या माथी बसतो. लहान कारखानदाराला असा एक कंटेनर परत आला तरी पेलत नाही.

उपाय साधेच आहेत. इस्त्रीनंतर कपडे निवू द्यावेत, कोरड्या फळ्या वापराव्यात, खोकी पावसात उतरवू नयेत. यापुढचा उपाय रसायनाचा. पेटीच्या भिंतींवर कॅल्शियम क्लोराइडच्या थैल्या टांगतात. हे क्षार हवेतील बाष्प शोषून स्वतःच पाघळतात, म्हणून त्यांत स्टार्च मिसळतात. त्यामुळे पाण्याचे खळीसारखे दाट मिश्रण बनते आणि ते सांडत नाही. थैली फुटली तर मात्र पंचाईत! त्या डागावरही सिल्व्हर नायट्रेटचा पांढरा साका येईल आणि तपासनीस चकेल. टांगण्यापूर्वी थैलीचे वजन करून ठेवावे आणि हँबुर्गला उतरवल्यावर पुन्हा करावे. जेवढे वजन वाढले, तेवढे पाणी वाटेत सदऱ्यांवर पडण्यापासून अडले.