पिवळ्या जाळाची बाजू

दौंड तालुक्यातल्या राहू, पारगाव, केडगाव या उसाच्या पट्ट्यात काहिलीतला रस आटत असताना चुलवाणाला जळण घालणाऱ्याचं लक्ष जाळावर असतं. शिरूरच्या कोरडवाहू गावांत वेड्या बाभळीच्या फांद्यांवर आणि तुराट्यांवर भाकरी भाजणाऱ्या बाईचंही तसंच. घराघरांत गॅस आला तसा एक समज पसरला, की निळी ज्योत चांगली आणि पिवळी म्हणजे जळण वाया. लाकडाला हे माप लावणं चूक आहे. चुलीत जाळाच्या रंगापेक्षा त्याचं टोक कुठे संपतं, हे पाहायला हवं.

वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग तापल्यावर वायूरूपाने बाहेर पडतो, आणि आपल्याला दिसणारा जाळ असतो तो या वायूंचा. पुरेशी हवा मिळण्याआधी त्यांच्यातून कार्बनचे बारीक कण तयार होतात, ते तापून उजळतात. पिवळा रंग त्यांचाच. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्यानं दिली, तेव्हा ज्योतीच्या उजेडाचं हेच कारण प्रयोगांनी उलगडून दाखवलं. हे कण ज्योतीच्या कडेपर्यंत जळून गेले, तर पिवळ्या जाळातूनही धूर निघत नाही. निखाऱ्यांवर दिसणारी निळी ज्योत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडची असते. तोवर लाकडातले बहुतेक वायू निघून गेलेले असतात. ऐन जाळाची परीक्षा तिच्यावरून कशी करणार?

बिघडतं ते जाळ अर्ध्यात थंड झाल्यावर. उकळत्या पाण्याच्या भांड्याचा तळ शंभर अंशांच्या आसपास असतो. जाळाच्या मानाने तो गारच. पिवळं टोक त्यावर आपटलं की कण जळायचे थांबतात आणि काजळी होऊन चिकटतात. जाळ भांड्याला भिडल्याशिवाय लवकर शिजत नाही, असं यावर कुणी म्हणेल. भांडं फार उंच नेलं तर धग वाया जाते, हे खरंच. पण टोक तळाच्या जरा खाली संपलं तरी वर चढणारे तप्त वायू उष्णता पोचवतातच, आणि काजळी होऊन गेलं असतं तेवढं जळणही कामी येतं.

गुऱ्हाळात हे अधिक ठळक दिसतं. चरकातून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मं पाणी असतं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून ते आधी उन्हात वाळवतात. वाळलेलं चिपाड हलकं आणि पोकळ, त्यामुळे त्यातले वायू एकदम सुटतात. मोठी कवळ एकाच वेळी लोटली की हवा अपुरी पडते, जाळ काहिलीखालून धुराड्याकडे लांबतो आणि वर काळा धूर दिसतो. तेच चिपाड थोडं थोडं, सतत घातलं तर जाळ काहिलीखालीच पुरा होतो. जळण तेच, चुलवाणही तेच. फरक घालण्याच्या लयीचा, आणि हे कसब आपण फार कमी लेखलं आहे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली, मग चुलीचा अभ्यास आता कशाला, असाही आक्षेप येईल. परंतु सिलिंडर आलेल्या घरांतही आंघोळीचं पाणी अनेकदा सरपणावरच तापतं, आणि गुऱ्हाळं तर चिपाडावरच चालतात. अर्थात, जाळावरून सगळं कळत नाही. जाळ विझल्यावर धूर थांबतो, तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवताना नजरेवर विसंबू नये. खिडकी उघडी हवी.