मुक्या पोवळ्याची नाडीपरीक्षा

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मंगळासाठी अंगठीत बसवलेला लाल खडा. तो खडा म्हणजे एका जातीच्या प्रवाळाचा नुसता सांगाडा. आज मला बोलायचं आहे ते जिवंत प्रवाळांविषयी. घरातल्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळांविषयी. ते आजारी पडले तर विव्हळत नाहीत, धापा टाकत नाहीत, जागचे हलतही नाहीत. मग त्यांचं दुखणं ओळखायचं कसं?

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात खडक उभारणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाला असतं तेच, संरक्षण आहे. त्यामुळे ते समुद्रातून काढून आणणं, विकणं हा गुन्हा आहे. माझं काही वर्षं अमेरिकेत वास्तव्य होतं. तिथं टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे दुकानात मिळतात आणि हौशी मंडळी ते मोठ्या निगुतीनं पाळतात. माझी उदाहरणं तिथली आहेत.

प्रवाळ हा दिसायला झाडासारखा, पण आहे प्राणी. किंबहुना अनेक चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते. या प्राण्याला म्हणतात पॉलिप. मधोमध तोंड, भोवती बारीक बोटांसारखे स्पर्शक आणि खाली त्यानंच बांधलेला चुन्याचा सांगाडा. त्याच्या मांसल भागात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं आणि हा भाडेकरू भाडं चोख देतो. उजेडात अन्न तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतो. प्रवाळाचा तपकिरी रंग असतो तो या शैवालाचा. प्रवाळावर ताण आला की हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात.

इथंच पहिला घोटाळा होतो. पांढरा झाला म्हणजे मेला, असं नव्हे. भिंग घेऊन जवळून पाहावं. पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक, ओलसर चकाकणारी साय दिसली, पॉलिपची तोंडं दिसली, तर प्रवाळ जिवंत आहे. उपाशी आहे, एवढंच. ताण लवकर दूर झाला तर शैवाल परत येऊ शकतं. पण मांस गळून नुसता खरखरीत चुना उरला असेल, तर तेवढा भाग गेला. काही दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ चढतं. पहिल्या रोग्याला विसावा हवा. दुसऱ्याचा निरोगी शेंडा कापून वेगळा लावावा, म्हणजे निदान वंश तरी टिकतो.

दुसरी अडचण अशी की, प्रवाळांची लक्षणं आपल्या तापासारखी असतात. ताप मलेरियाचा की सर्दीचा, हे कपाळाला हात लावून कळत नाही. रंग फिका पडला तर उजेड जास्त असेल, पाणी तापलं असेल, किंवा पाण्यातली पोषकद्रव्यं अगदीच संपली असतील. रंग काळपट तपकिरी झाला तर उजेड कमी पडत असेल किंवा पोषकद्रव्यं फार झाली असतील. आणि कधीकधी तर आजारच नसतो! चामड्यासारखे दिसणारे काही मऊ प्रवाळ अधूनमधून मिटून घेतात, मेणचट कात टाकतात आणि काही दिवसांनी टवटवीत उघडतात.

म्हणून जुने जाणते वैद्य विचारत तसे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आजारी कोण? एकटाच की सगळे? सगळ्यांनी एकदम मान टाकली असेल तर दोष पाण्यात शोधावा. एकच आजारी असेल तर त्याची जागा, त्याचा शेजारी आणि त्याच्या अंगावरचे किडे पाहावेत.

दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून झाली? दिव्याकडची बाजू फिकी आणि सावलीतली ठीक असेल, तर उजेडावर संशय घ्यावा. शेजाऱ्याकडचीच बाजू झडली असेल तर रात्री दिवे मालवल्यावर टॉर्च घेऊन पाहावं. काही प्रवाळ अंधारात लांबच लांब स्पर्शक सोडून शेजाऱ्याला डंख मारतात. फांदीवर गोलसर चावे दिसले, तर तो चपट्या कृमीचा उद्योग असू शकतो. आयोडीनच्या द्रावणात बुडवल्यावर कृमी सुटतात, पण अंडी मरत नाहीत. ती खरवडावी लागतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं.

तिसरा प्रश्न, त्याआधी काय बदललं? नवा दिवा, नवं मीठ, बंद पडलेला पंप, की माशांसाठी घातलेलं औषध? माशांच्या काही औषधांत तांबं असतं. माशाला ते मानवतं, प्रवाळाला मात्र ते विष ठरतं.

मग पाणी तपासायचं. तापमान २५-२६ अंश सेल्सिअस, क्षार दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, ८ ते ९ अंश. प्रवाळ सांगाडा बांधतो तसतशी अल्कलिनिटी रोज खर्च होते आणि ती रोज भरून काढावी लागते. पण आकड्यांइतकंच महत्त्व आहे ते स्थैर्याला. आज ७ आणि उद्या १० यापेक्षा रोजचे ८ बरे.

माझ्या एका स्नेह्याच्या टाकीतले सगळे प्रवाळ असेच मिटले होते. मासे मजेत होते. त्यानं पाणी मोजलं, सगळे आकडे उत्तम! औषधाच्या तीन बाटल्याही आणून ठेवल्या होत्या. मी विचारलं, ‘‘यात काय काय बदललं?’’ बोलता बोलता निघालं की, दहा दिवसांपूर्वी क्षार मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर त्याच्या हातून पडलं होतं. त्यानंतर त्यात ३९ दिसू लागले, म्हणून त्यानं गोडं पाणी घालून ते ३५ वर आणलं होतं. दुकानातून ३५ क्षारांचं प्रमाणित द्रावण आणून त्यावर मीटर लावलं, तर त्यानं ३९ दाखवले. म्हणजे टाकीत खरे क्षार होते जेमतेम ३१. बाटल्या तशाच ठेवल्या. उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी काही दिवस खारं पाणी घालत हळूहळू क्षार वाढवले. प्रवाळ उघडले. तेव्हा रोग्याला नावं ठेवण्याआधी थर्मामीटर तपासावा.

उपचाराचा नियमही यातच आला. एका वेळी एकच बदल करावा आणि तोही सावकाश. तीन उपाय एकदम केले तर गुण कशानं आला, ते कळत नाही आणि बिघडलं तर कशानं, तेही कळत नाही.

हे सगळं काही लोकांच्या छंदापुरतंच नाही. हीच नाडीपरीक्षा समुद्रातही चालते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ या उपक्रमानं २००२ मध्ये एक साधं रंगपत्रक तयार केलं. फिक्यापासून गडदपर्यंत त्यात सहा पायऱ्या आहेत. पाणबुड्यानं ते प्रवाळाशेजारी धरायचं आणि रंग नोंदवायचा. त्याच जागचा रंग पुढच्या खेपेला दोन पायऱ्या उतरला, तर शैवाल बरंच कमी झालं असं समजायचं. समुद्राला पहिला प्रश्न विचारला, तर उत्तर येतं, ‘सगळेच’. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा अवघा एक अंश वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की विरंजन सुरू होतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभर पसरलेलं चौथं विरंजन जाहीर केलं.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथल्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली. कधी तिथं पाण्यात डोकावलात, तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि तुकडा आठवण म्हणून आणू नका. जमलं तर लांबूनच एक छायाचित्र घ्या आणि त्यावर तारीख, जागा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ‘काय बदललं’ हे विचारणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.