अंगावर गरम चहा सांडला: घरातली पहिली २० मिनिटं आणि कॅज्युअल्टीतले पहिले काही तास

तुमच्या मुलाच्या अंगावर आत्ताच काही गरम सांडलं असेल, तर हा लेख नंतर वाचा. आधी ओले कपडे काढा, पोळलेला भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली धरा आणि घड्याळ बघून २० मिनिटं तसाच ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

आता ज्यांच्याकडे थोडा वेळ आहे त्यांच्यासाठी.

मूल उभं राहायला, धरून चालायला लागलं की त्याचा हात कुठवर पोहोचतो याचा आपला अंदाज रोज चुकत असतो. काल जो कप टीपॉयवर सुरक्षित होता, तो आज त्याच्या हाताशी असतो. दीड-दोन वर्षांच्या मुलांमध्ये आगीने भाजण्यापेक्षा गरम चहा, दूध, वरण किंवा आंघोळीच्या पाण्याने पोळणं कितीतरी जास्त दिसतं. चहाच्या बाबतीत मूल वर बघत कप ओढतं, म्हणून हनुवटी, मान, छाती, खांदा आणि एक हात असा ठरावीक पट्टा पोळतो. जमिनीवर उतरवून ठेवलेलं पातेलं किंवा हिटर लावलेली बादली असेल तर पाय, मांड्या आणि बसायची जागा.

लहान मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाला साधारण ५ सेकंदांत खोलवर पोळवतं. मुलाला त्याहून कमी वेळ पुरतो. आणि बंबातलं किंवा हिटरने तापवलेलं पाणी सहज ६० च्या वर जातं. आपण जो चहा ‘आता कोमट झाला’ म्हणून बाजूला ठेवतो, तो मुलाच्या छातीवर फोड आणण्याइतका गरम असू शकतो. मोठ्या माणसाला चटका बसला की तो हात मागे घेतो. मूल मात्र जागच्या जागी उभं राहून रडतं, आणि भिजलेला स्वेटर किंवा डायपर ती उष्णता अंगाशी धरून ठेवतो.

पाणी लावायचं, हो, पाणीच

‘भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतात’ हे तुम्ही घरात कुणाकडून तरी नक्की ऐकलेलं असेल. हे खरं नाही. फोड येणार की नाही हे उष्णता कातडीत किती खोल गेली त्यावर ठरतं. वरची कातडी थंड वाटू लागली तरी आतल्या थरात उष्णता काम करतच असते, आणि वाहतं पाणी तीच बाहेर काढतं. त्यामुळे जखम कमी खोल राहते, दुखणं कमी होतं आणि पुढे कातडी लावण्याची, म्हणजे ग्राफ्टिंगची वेळ येण्याची शक्यताही घटते. दवाखान्यात आमच्याकडे जी मलमं आणि ड्रेसिंगं आहेत, त्यातलं एकही या २० मिनिटांची भरपाई करू शकत नाही.

पाणी लगेच मिळालं नाही तर? अपघातानंतर ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. शेजाऱ्याच्या गाडीत बसून अर्ध्या वाटेवर आला असाल आणि अजून पाणी लावलेलं नसेल, तर दवाखान्यात पोहोचल्याबरोबर तसं सांगा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला चक्क गरम पाणी येतं. आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा. ते गरम असेल तर पिण्याच्या पाण्याची कळशी, माठ, जे असेल ते तांब्याने सावकाश ओता. पाणीच कमी असेल तर स्वच्छ सुती कापड ओलं करून ठेवा आणि दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवून बदला. बर्फ लावू नका आणि फ्रीजमधलं गार पाणीही नको. बर्फाने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि आधीच दुखावलेल्या भागाचं आणखी नुकसान होतं.

गार करायची ती जखम, मूल नाही. छाती-पोट असा मोठा भाग पोळला असेल तर लहान मूल बघता बघता गार पडतं. म्हणून पाणी फक्त पोळलेल्या भागावर पडू द्या आणि बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा. ते कुडकुडायला लागलं किंवा मलूल वाटलं तर २० मिनिटांचा हट्ट सोडा आणि निघा.

पाणी चालू असतानाच हातातल्या मनगट्या, पायातले वाळे, कमरेचा करगोटा, दंडातला ताईत काढून घ्या किंवा कापा. पोळलेला भाग तासाभरात सुजतो, आणि मग तोच दोरा रुतून बसतो. कापड कातडीला चिकटलेलं असेल तर तेवढा तुकडा तसाच ठेवून भोवतीचं कापा. ओढू नका.

मग झाकायचं. घरात अन्न झाकायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म असेल तर तिचा पहिला वेढा टाकून द्या आणि पुढची फिल्म जखमेवर नुसती ठेवा, हाताभोवती आवळून गुंडाळू नका. नसेल तर धुतलेलं मऊ सुती कापड चालतं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, बटाट्याचा कीस, दही, मध यांतलं काहीही लावू नका. हे ‘जुन्या लोकांचं अज्ञान’ म्हणून सांगत नाही. शाई किंवा हळद लावली की खालच्या कातडीचा रंगच दिसत नाही, आणि जखम किती खोल आहे हे आम्ही मुख्यतः रंगावरूनच ठरवतो. मग ते सगळं खरवडून काढावं लागतं, आणि मुलाच्या दृष्टीने तो दुसरा अपघातच. मेडिकलमधून आणलेली पांढरी बर्न क्रीमसुद्धा डॉक्टरांनी जखम बघेपर्यंत लावू नका, कारण तेच.

दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल देता येतं. मात्रा वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ३ मिलिलिटर लागतील. १२० लिहिलं असेल तर साधारण ६ मिलिलिटर. गेल्या काही तासांत तापासाठी आधीच एक मात्रा दिली असेल किंवा मूल गुंगीत असेल तर देऊ नका.

कधी निघायचं

लहान मुलाच्या बाबतीत माझा निकष सोपा आहे: फोड आला असेल तर डॉक्टरांना दाखवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं कसलंही पोळणं दाखवा. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटं धरून, म्हणजे त्याच्या शरीराच्या साधारण १ टक्का. तेवढ्याहून मोठा भाग पोळला असेल, किंवा चेहरा, मान, हात, पाऊल, सांधा, शूची जागा यांपैकी काही असेल, किंवा हाता-पायाला बांगडीसारखं गोल पोळलं असेल, तर घराजवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता कॅज्युअल्टी असलेल्या रुग्णालयात जा. जखम पांढरी पडली आहे आणि मूल तिथे हात लावू देतं, हे चांगलं लक्षण समजू नका. खोल जखमेत मज्जातंतूच जळालेले असतात, म्हणून दुखत नाही. मूल सुस्त असेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा वाफ, गरम द्रव तोंडात गेला असेल तर १०८ ला फोन करा. विजेने किंवा ॲसिडसारख्या रसायनाने भाजणं हा वेगळा विषय आहे. तिथेही थेट रुग्णालयच.

वाटेत खायला देऊ नका. जखम साफ करण्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. शेवटचं दूध किंवा जेवण केव्हा झालं ते लक्षात ठेवा आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या.

कॅज्युअल्टीत काय होतं

सगळ्यात आधी मुलाचं वजन होईल, कारण प्रत्येक औषधाची मात्रा त्यावरून ठरते. मग दुखण्याचं औषध. जखमेला हात लावण्यापूर्वी ते दिलं गेलं पाहिजे, आणि दिलं नसेल तर ‘आधी दुखायचं कमी करा’ असं तुम्ही नम्रपणे, पण स्पष्ट सांगू शकता. तो तुमचा हक्क आहे. मुलाला जमेल तितकं मांडीवरच घेऊन बसा. आईच्या किंवा बाबांच्या कुशीत तपासलेलं मूल पलंगावर धरून ठेवलेल्या मुलापेक्षा कमी घाबरतं, आणि आमचंही काम लवकर होतं.

किती टक्के पोळलं हे डॉक्टर मुलांच्या तक्त्यावरून मोजतात. एक वर्षाच्या मुलाचं डोकं आणि मान मिळून शरीराचा जवळजवळ पाचवा भाग असतो. मोठ्या माणसात तोच साधारण ९ टक्के. त्यामुळे मोठ्यांचा हिशेब इथे चालत नाही. नुसती लाली या टक्क्यांत धरत नाहीत. मुलांमध्ये साधारण १० टक्क्यांहून अधिक भाग पोळला असेल तर शिरेतून सलाईन लागतं, कारण पोळलेल्या भागातून शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. अशा मुलाला दाखल करतात किंवा बर्न्स विभाग असलेल्या ठिकाणी पाठवतात. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर हे मुंबई भागातलं असं एक ठिकाण. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा. असल्यास तिथे आरोग्यमित्र भेटतो. रेशन कार्ड घरी राहिलं म्हणून निघायला उशीर मात्र करू नका, ते मागून आणता येतं.

‘किती खोल आहे?’ या प्रश्नाला पहिल्या दिवशी पक्कं उत्तर मिळेलच असं नाही. डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. पोळलेली जखम पहिले दोन-तीन दिवस बदलत राहते. गुलाबी, ओलसर, दाबल्यावर पांढरी होऊन परत रंग येणारी आणि खूप दुखणारी जखम सहसा वरवरची असते आणि दोन आठवड्यांच्या आसपास भरते. तीन आठवड्यांहून अधिक वेळ लागणार असं दिसलं तर जाड व्रण राहण्याची शक्यता वाढते आणि ग्राफ्टिंगचा विचार होतो. म्हणून ४८ तासांनी परत बोलावलं तर ‘आता बरं दिसतंय’ म्हणून ती फेरी चुकवू नका.

धनुर्वाताच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे झाल्या असतील तर बहुतेक वेळा वेगळं इंजेक्शन लागत नाही. ताज्या पोळलेल्या जखमेला ‘पिकू नये म्हणून’ अँटिबायोटिक द्यायचीही सहसा गरज नसते. ते लिहून दिलं नाही म्हणून नाराज होऊ नका.

‘कसं झालं?’ आणि पोलीस केस

हा भाग पालकांना जखमेपेक्षा जास्त घाबरवतो. भाजलेल्या रुग्णाची आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलीस जबाब घेऊ शकतात. नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. आणि या कागदांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे.

आम्ही तुम्हाला विचारतो: काय सांडलं, किती वाजता, किती गरम होतं, पाणी लावलं का, किती वेळ, जवळ कोण होतं. तोच प्रश्न दोन-तीन जण विचारतील. उडालेल्या चहाच्या जखमा विखुरलेल्या असतात, गरम पाण्यात बुडालेल्या पायाला मोज्यासारखी सरळ कड असते. उत्तरावरून खोली आणि उपचार ठरतात. मुलाला कुणी मुद्दाम इजा केलेली नाही ना, हेही आम्हाला बघावं लागतं. तो संशय तुमच्या एकट्यावर नसतो. आम्ही ते प्रत्येक मुलासाठी बघतो. जे झालं ते जसंच्या तसं सांगा. कॅज्युअल्टीच्या दारात ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ असं सुनेला किंवा आजीला विचारणारे नातेवाईक मी खूप पाहिले आहेत. त्याचा एकच परिणाम होतो: जिला सगळं नीट माहीत असतं, तीच गप्प बसते. त्या घरातल्या बाकीच्यांना माझी विनंती, हा जाब घरी गेल्यावरही विचारू नका. चहाचा कप मुलाच्या हाताशी ठेवण्याची सवय सहसा घरात सगळ्यांनाच असते.

घरी आल्यावर

ड्रेसिंग कोरडं ठेवा. खाज, थोडी चिडचिड, रात्री दचकून उठणं चालतं. पण पहिल्या काही दिवसांत ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, अंगभर पुरळ, जुलाब, उलट्या, मूल मलूल, लघवी कमी, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्रीच परत या. लहान मुलांमध्ये अगदी छोट्या पोळलेल्या जखमेतूनही जंतूंचं विष रक्तात पसरून मूल काही तासांत गंभीर होऊ शकतं. असं क्वचित होतं, पण जखम वरून छान दिसत असतानाही होतं. ‘दात येतायत म्हणून ताप’ असं म्हणत एक दिवस थांबणं इथे महाग पडतं.

आंघोळीचं विसण घालताना क्रम उलटा करा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मधे फोन वाजला, तरी मुलापुढे नुसत्या कढत पाण्याची बादली राहत नाही. मूल मांडीवर असताना चहा प्यायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही लावा.

जखम भरल्यावर तिथली कातडी कोरडी आणि खाजरी राहते. दिवसातून तीन-चारदा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने चोळा. किमान वर्षभर तो भाग उन्हापासून झाका, नाहीतर काळा डाग पडतो. कातडी जाड, लाल, उंचवट्यासारखी व्हायला लागली किंवा मान, कोपर, बोट पूर्वीसारखं सरळ होईना असं वाटलं, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न बघता दाखवा. दाबपट्टा आणि व्यायाम जितके लवकर सुरू होतील, तितका सांधा मोकळा राहतो.